मदत हवी आहे : नेपल्सचे एस्पोझितो, टाकलेलं मूल नक्की कोणत्या पिढीतलं?

नेपल्सच्या एका घराण्याची वंशावळ लावतोय. आडनावाचा अर्थ नकोय, तो माहीत आहे: लॅटिन 'एक्स्पोझितुस', उघड्यावर ठेवलेलं मूल. तिथल्या अनुन्त्सियाता या अनाथ मुलांच्या संस्थेच्या भिंतीतल्या फिरत्या पेटीत सोडलेल्या तान्ह्यांना ते मिळायचं. पेटी 1875 मध्ये बंद झाली.

'अंतेनाती' या इटलीतल्या जुन्या नागरी नोंदींच्या पोर्टलवर या घराण्यातल्या गाएतानोचं 1840 चं लग्न सापडलं, 1818 ची जन्मनोंदही. तिच्यात बाप विन्चेन्त्सो एस्पोझितो, वय 29, चांभार, मेर्कातो भाग. उजव्या रकान्यात बाप्तिस्म्याची पॅरिश, म्हणजे स्थानिक चर्च, हीही आहे. म्हणजे टाकलेलं मूल गाएतानो नव्हे. मग विन्चेन्त्सो, की त्याचा बाप? की त्याच्याही मागचा?

लग्नाच्या जोडकागदांत नवऱ्यामुलाच्या आजोबाचा मृत्युदाखला असतो, पण बाप आधीच वारला असेल तरच. इथे बाप हयात होता, संमती द्यायला स्वतः हजर. विन्चेन्त्सोचा जन्म 1789 च्या आसपासचा आणि शहरातल्या नागरी नोंदी 1809 पासूनच्या. त्याच्या आई-बापाची नावं मिळतील म्हणून मेर्कातोच्या मृत्युनोंदी 1860 पर्यंत चाळल्या, तो नाही. बाकीचे भाग राहिलेत, पण हे नाव-आडनाव तिथे पैशाला पासरी.

पत्रव्यवहार एकाच ठिकाणी परवडेल. आधी गाएतानोच्या पॅरिशला विन्चेन्त्सोचं लग्न विचारावं, की थेट अनुन्त्सियाताच्या 1787 ते 1791 च्या वह्या बघायला सांगावं?