मदत हवी आहे (तातडीचे): आरोग्य व शारीरिक शिक्षणाची चाचणी कशी काढायची?

मृदुला_कर्वेनगर
नमस्कार मंडळी. आमच्या शाळेत यंदा आरोग्य व शारीरिक शिक्षणाचं मूल्यमापन नीट करायचं ठरलंय आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. दरवर्षी सगळ्या वर्गाला अ श्रेणी जाते, त्यातून कुणाला काय येतं ते काहीही कळत नाही. कुणाकडे तयार चाचणी, नमुना, काहीही असेल तर कृपया द्या. सोमवारी मुख्याध्यापिकाबाईंना आराखडा दाखवायचाय. जालावर जे मिळालं ते सगळं बी.पी.एड.च्या परीक्षांचं आहे.

मैदानवाले_बाळासाहेब
नव्याने काही काढायची गरजच नाही. खेलो इंडियाची (केंद्र सरकारची) शालेय तंदुरुस्ती चाचणी घ्या. उंची-वजनावरून बीएमआय, ५० मीटर धाव, ६०० मीटर धावणे-चालणे, बसून पुढे वाकणे, पाठीवर झोपून अर्धं उठणं (कर्ल-अप) आणि जोर (मुलींना गुडघे टेकवून). स्टॉपवॉच आणि टेप असली की झालं. आकडे खोटं बोलत नाहीत.

निवृत्त_मास्तर
ताई, इयत्ता कोणती? मंडळ कोणतं? मुलं किती? लेखी घेणार की मैदानावर? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

धायरीची_आई
मुलगा दहावीत आहे, जिल्हा स्तरावर कबड्डी खेळलाय. त्याला वाढीव गुण मिळतील का?

मृदुला_कर्वेनगर
नववी, राज्य मंडळ, मराठी माध्यम, चार तुकड्या. बाळासाहेब, धावण्याच्या चाचण्या आमचे क्रीडाशिक्षक घेतातच. मुलांना काय *माहीत* आहे ते मला तपासायचंय. ६०० मीटरला पहिला येणारा मुलगा मित्राच्या नाकातून रक्त आलं की त्याची मान मागे टाकतो. कागदावर मात्र तो अ श्रेणीत.

मैदानवाले_बाळासाहेब
माहिती असून शरीर चालत नसेल तर उपयोग काय? पोरांना आधीच लेखी परीक्षांचा भार कमी आहे का? मी वर्षानुवर्षं कबड्डीची मुलं तयार केली आहेत. खेळताना मुलाला काय समजलंय ते मैदानावर दिसतं. या विषयाची प्रश्नपत्रिका काढलीत की मुलं मैदानापासून आणखी लांब जातील.

सिंहगडरोड_बालरोग
बाळासाहेबांची कळकळ कळते, पण दोन गोष्टी बोलायलाच हव्यात. एक, बीएमआयवरून श्रेणी कधीही देऊ नका. वजन म्हणजे ज्ञान नव्हे आणि मेहनतही नव्हे. शिवाय मोठ्यांचं वजन कमी की जास्त ते ठरवणारे बीएमआयचे १८.५ आणि २५ हे आकडे चौदा वर्षांच्या मुलांना लागू पडत नाहीत. त्यांच्यासाठी वय आणि लिंग पाहून तक्ते वापरतात. भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे तक्ते आहेत. आणि वर्गासमोर वजन मोठ्याने वाचून दाखवणं तर बंदच करा. त्यानंतर जेवण सोडलेल्या मुली माझ्याकडे येतात.

दोन, मृदुलाताई, व्याख्या विचारू नका, प्रसंग द्या. फिट आलेल्याला चप्पल किंवा कांदा हुंगवायचा, भाजल्यावर टूथपेस्ट लावायची, साप चावल्यावर वर घट्ट दोरी बांधायची, हे अजून घराघरात चालतं. हेच चुकीचे उपाय पर्यायांत ठेवा, म्हणजे कोण कुठे अडलंय ते कळेल. उत्तरं अशी: फिट आलेल्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, वेळ मोजा, पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखाना. भाजलेल्या जागी वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. सर्पदंशात तो हात-पाय न हलवता तडक रुग्णालय. नाकातून रक्त आलं तर मान पुढे, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरायचा.

पर्वतीचा_खोखोपटू
पुण्यातल्या मुलांना खो-खो आलाच पाहिजे! या खेळाचे नियम डेक्कन जिमखान्याने घडवले. संघात १२, मैदानात ९, त्यातले आठ चौकात बसलेले आणि एक पाठलाग करणारा. पाच गुण तरी याला ठेवा.

निवृत्त_मास्तर
खोखोपटू, आकडे पाठ करून घेण्यात काय साधणार? तोच खेळ घ्या, पण असं विचारा: पाठलाग करणाऱ्याचा घोटा मुरगळला, पहिल्या दहा मिनिटांत काय कराल आणि काय करणार नाही?

मैदानवाले_बाळासाहेब
तेल लावून चोळायचं. आम्ही नेहमी तेच करतो.

सिंहगडरोड_बालरोग
नको, बाळासाहेब. पहिले दोन दिवस मालीश अजिबात नको. खेळ थांबवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ, क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच. पाय टेकवतच नसेल तर एक्स-रे.

निवृत्त_मास्तर
मृदुलाताई, आधी संविधान तक्ता (कशाला किती गुण याचा आराखडा) करा, प्रश्न नंतर. आडव्या ओळीत घटक: आहार, प्रथमोपचार, पौगंडावस्था व मासिक पाळी, व्यायाम, व्यसनं, झोप व मन. उभ्या रकान्यात उद्दिष्टं: ज्ञान, आकलन, उपयोजन. निम्मे गुण उपयोजनाला द्या. मासिक पाळीचे प्रश्न मुलग्यांनाही तेच असावेत, वेगळा कागद नको.

मग एका तुकडीवर आधी घेऊन बघा. पेपर गुणांनुसार लावून वरच्या २७ टक्के आणि खालच्या २७ टक्के मुलांची उत्तरं शेजारी ठेवा. ज्या प्रश्नाचं उत्तर खालची मुलं वरच्यांइतकीच बरोबर देतात, तो प्रश्न हुशार आणि कच्चा यांत फरकच करत नाही. त्याची भाषा तपासा नाहीतर काढून टाका.

धायरीची_आई
माझ्या प्रश्नाचं कुणी बघेल का?

पर्वतीचा_खोखोपटू
ताई, खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण असतात. स्पर्धेचं प्रमाणपत्र घेऊन शाळेतच चौकशी करा, प्रस्ताव शाळेमार्फत जातो. वेगळा धागा काढा, जास्त उत्तरं येतील.

रोज_पहाटे_तळजाई
मला वाटतं रोज १२ सूर्यनमस्कार सक्तीचे केले तर कुठल्याच चाचणीची गरज उरणार नाही. माझी पाठदुखी त्यानेच गेली.

मृदुला_कर्वेनगर
सूर्यनमस्कार शाळेत होतात, आभार. मास्तर, तक्ता समजला. तीन अडचणी आहेत. "रोज किती वेळ व्यायाम करता" असं विचारायचं का? छातीदाबणी (सीपीआर) लेखी परीक्षेत कशी तपासायची? आणि एका तुकडीत व्हीलचेअर वापरणारी मुलगी आहे, तिचं काय?

सिंहगडरोड_बालरोग
सवयीचा प्रश्न जरूर विचारा, पण गुण देऊ नका आणि नावही लिहायला लावू नका, नाहीतर सगळी मुलं "एक तास" लिहून मोकळी होतील. जागतिक आरोग्य संघटना या वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं सांगते, तेवढं तुमच्या वर्गात एखादं तरी मूल करतं का ते बघा. छातीदाबणी पुतळ्यावर किंवा घट्ट उशीवर. जिवंत मुलाच्या छातीवर कधीही नाही. निरीक्षकाकडे पडताळा सूची: हाक मारून पाहिली का, १०८ ला फोन करायला कुणाला पाठवलं का, छातीच्या मधोमध हात, मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल.

मैदानवाले_बाळासाहेब
ही पडताळा सूची मात्र पटली. त्या मुलीला तोंडी सूचना द्यायला लावा, बाकीच्यांनी तिच्या सांगण्याप्रमाणे करायचं. कोच असाच शिकवतो. तिची समज पूर्ण दिसेल. आणि लेखी भाग वीस गुणांच्या वर नेऊ नका, एवढी विनंती.

मृदुला_कर्वेनगर
हे फारच छान. वीस लेखी, दहा प्रात्यक्षिक, सवयींचा निनावी कागद वेगळा. चार प्रश्न काढलेत, बघा:
१) पोह्यांवर लिंबू पिळल्याने लोहाच्या दृष्टीने काय फायदा?
२) ओआरएसचं पूर्ण पाकीट किती पाण्यात?
३) शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी कशासाठी?
४) जेवणाबरोबर काय घेतल्यास अन्नातलं लोह चांगलं शोषलं जातं? चहा / आवळा / दूध / लिंबू

निवृत्त_मास्तर
पहिला उत्तम, मुलं घरी जाऊन आईला सांगतील. दुसऱ्याचं उत्तर एक लिटर, पण "अर्धं पाकीट पेल्यात घातलं तर काय बिघडेल" हेही विचारा. चौथ्यात आवळा आणि लिंबू दोन्ही बरोबर आहेत, एक काढा. शिवाय पहिल्या प्रश्नातच चौथ्याचं उत्तर छापलंय, दोन्ही एका पेपरात नकोत. तक्ता रविवारी इथेच टाका, बघून देतो.