मदत हवी आहे: स्वस्तात घेतलेली जिप्सी जॅझ गिटार. टॉप मोडलाय की असाच असतो?

बेसूर_वादक:

नमस्कार मंडळी,

चार-पाच वर्षं साधी स्टीलच्या तारांची गिटार वाजवतोय, बेताचीच. जिप्सी जॅझचा गिटारवादक जँगो राइनहार्ट ऐकल्यापासून तो कोरडा, खणखणीत, किंचित नाकात बोलणारा आवाज डोक्यातून जात नाही. माझ्या गिटारवर तो येईना, म्हणून त्याच घाटाची एक वापरलेली गिटार स्वस्तात उचलली. आतलं लेबल गळून गेलंय, त्यामुळे कुणाची ते कळायला मार्ग नाही. लंबगोल छोटं भोक, चौदा फ्रेट (मानेवरच्या आडव्या पट्ट्या) बॉडीच्या बाहेर, मागे तारा अडकवायचं पितळी टेलपीस. विकणारा म्हणाला, "तारा बदला आणि मग बघा." बदलल्या. आता बघतोय.

मुख्य काळजी अशी, की ब्रिजच्या (तारा टेकतात त्या घोडीच्या) थोडं मागे टॉपला (वरच्या फळीला) आडवी घडी पडली आहे. तिरप्या उजेडात धरली की प्रतिबिंब त्या रेषेवर मोडतं. तारांच्या ताणाने टॉप खचला असं मी समजतोय. ब्रिज नुसताच ठेवलेला आहे, चिकटवलेला नाही, आणि पायांच्या मधल्या भागाखालून कागद आरपार जातो. जाड तारेची उंची १२व्या फ्रेटवर साडेचार मि.मी. भरली. तिसरी तार छेडली की कुठेतरी झर्र होतं. पॉलिश इतकं जाड आहे की नखाने टिचकी मारली तर प्लॅस्टिक वाटतं.

माझा बेत: ब्रिज नीट चिकटवायचा, नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा खोल करून तारा खाली आणायच्या, सगळं पॉलिश उतरवून हलका हात द्यायचा. सध्या १२ नंबरचा (नंबर म्हणजे तारांची जाडी) ब्राँझ सेट चढवलाय. या बेतात काही चुकतंय का? की गिटारच भंगारात काढू?

---

जुनी_खुंटी:

आधी उठा आणि तारा ढिल्या करा. बाकीचं नंतर वाचा.

केल्या? आता ऐका. या गिटारची स्केल, म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी, बहुतेक ६७० मि.मी. असेल. नेहमीच्या गिटारची ६४८च्या आसपास असते. तीच तार त्याच सुरात लावली तरी एवढ्या फरकाने ताण सुमारे ७ टक्के वाढतो. त्यावर तुम्ही १२ नंबर चढवलाय. पहिली तार ११ची असती तर जेवढा ताण आला असता, त्याच्या एकोणीस टक्के वर. यांना १० किंवा ११ नंबरच्या तारा लागतात, त्याही ब्राँझच्या नकोत. स्टीलवर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळलेल्या असतात, त्या घ्या. सावारेझची आर्जेंटीन ही त्यातली सगळ्यांना ठाऊक असलेली. तुम्ही शोधताय त्या आवाजाचा मोठा हिस्सा या तारांत आहे.

आता घडी. ती मोडलेली नाही, मुद्दाम घातलेली आहे. १९३२ साली मारिओ माक्काफेर्रीने पॅरिसच्या सेल्मर कंपनीसाठी या घाटाची गिटार आखली, तिचा स्प्रूसचा टॉप ब्रिजच्या मागे असाच वाकवलेला होता. मेंडोलिनमध्येही ही रीत आहे. घडीमुळे पातळ लाकडालाही ताठपणा येतो, आणि ब्रिजवरून टेलपीसकडे उतरताना तारांना कोन मिळतो. तो कोनच ब्रिजला खाली दाबून धरतो. म्हणूनच ब्रिज चिकटवायचा नसतो! व्हायोलिनची घोडी कोणी चिकटवतं का? तसंच हे. दोन्ही बाजूंना ज्या काळ्या लाकडी मिशा दिसताहेत (त्यांना खरोखरच मिशा म्हणतात) त्या तेवढ्या चिकटवलेल्या असतात.

खरा खचलेला टॉप ओळखायचा तर सरळ पट्टी ब्रिज आणि भोक यांच्या मधल्या भागावर आडवी ठेवा. तिथे बशीसारखा खळगा दिसला तर काळजीचं. मग बोटाच्या पेराने टॉपवर हलके ठोकत जा. आतल्या पट्ट्या आडव्या असतात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. एखादी सुटली असेल तर त्या जागी आवाज फुटका येतो. सुटलेली निघाली तर मात्र स्वतः हात घालू नका. म्हणजे घालताच येणार नाही, त्या लंबगोल भोकातून मोठ्या माणसाचा पंजा जात नाही.

---

चौकस:

साडेचार मि.मी.? गिटार आहे की झोपाळा?

---

रंधामार:

खुंटीभाऊंनी बरंच सांगितलं. मी नट आणि पॉलिशपुरतं बोलतो, कारण दोन्हीत माझे हात पोळले आहेत.

नटच्या पुढे, अगदी लागून, एक जास्तीचा फ्रेट दिसतोय का? तो झिरो फ्रेट. या घाटाच्या बहुतेक गिटारींना असतो. तसा असेल तर मोकळ्या तारेची उंची तो ठरवतो, नट नाही. नटचं काम तारांमध्ये अंतर ठेवण्यापुरतं. तेव्हा खाचा कानशीने खोल करून तार तसूभरही खाली येणार नाही. फक्त खाच इतकी उथळ नाही ना की तार झिरो फ्रेटला टेकतच नाही, एवढं बघा. आणि वर्षानुवर्षांच्या वापराने त्या फ्रेटवर तारांचे चर पडले असतील तर मोकळ्या तारा झणझणतात. मग तो एक फ्रेट बदलावा लागतो.

उंची उतरवायची ती ब्रिजमधून. हिशेब सोपा आहे: १२वा फ्रेट तारेच्या मध्यावर, म्हणून तिथे जेवढं कमी हवं त्याच्या दुप्पट ब्रिज उतरवायचा. पण त्याआधी मान तपासा. तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबून धरा आणि सातव्यापाशी फट बघा. पाव मि.मी.च्या आसपास असेल तर ठीक. १२ नंबरच्या ताणाने मान पुढे ओढली गेली असेल असा माझा कयास आहे. ट्रस रॉड (मान सरळ करायला तिच्या आत बसवलेली सळई) असेल तर एका वेळी पाव फेराच, आणि मग गिटारला रात्रभर पडू द्या. सरळ पट्टी फ्रेटांवर उभी धरून ब्रिजपर्यंत न्या. ती ब्रिजच्या माथ्याच्या काही मि.मी. खाली पोचली तर मानेचा कोन शाबूत आहे. ब्रिजच्या पायथ्याशीच धडकली तर मान काढून बसवायची वेळ आली आहे, आणि स्वस्त गिटारवर तो खर्च करण्यात अर्थ नाही.

पॉलिश. नका. मीही एकदा अशीच गिटार घेतली होती आणि मलाही वाटलं होतं की पॉलिश उतरवलं की आवाज मोकळा होईल. हे पॉलिएस्टर असतं. स्पिरिटने ढिम्म हलत नाही, साध्या रिमूव्हरलाही दाद देत नाही. गरम हवेने उठतं, पण त्याबरोबर प्लायचे थर सुटतात. उरतं घासणं. तीन शनिवार घासत बसलो. चौथ्या शनिवारी नेमक्या त्या घडीवर, जिथे उंचवटा असतो, तिथे पॉलिशबरोबर लाकूडही गेलं आणि खालचा वेगळ्या रंगाचा थर दिसायला लागला. टॉप प्लायचा आहे हे मला त्या दिवशी कळलं. आवाजात फरक? कान देऊन ऐकला. मला तरी काही कळला नाही.

---

टिवल्याबावल्या:

अवांतर: या संगीताला फ्रेंचमध्ये 'जॅझ मानूश' म्हणतात. मानूश म्हणजे तिकडच्या रोमा लोकांतली एक शाखा, जँगो त्यातलाच. त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'माणूस'. आपलाच शब्द! 'जिप्सी' हे नाव त्यांच्यापैकी अनेकांना आवडत नाही, तेव्हा माणूस जॅझ म्हणायला हरकत नसावी.

अति अवांतर: माक्काफेर्री थोड्याच काळात सेल्मर सोडून गेला. पुढे त्याने प्लॅस्टिकचे कपड्यांचे चिमटे काढले, प्लॅस्टिकची युकुलेली काढली. तुमच्या गिटारचं पॉलिश प्लॅस्टिकसारखं वाटतंय ते परंपरेला धरूनच आहे म्हणायचं.

---

बेसूर_वादक:

सगळ्यांचे आभार. चिकटवायचा सरस आणलेला होता, तो परत कपाटात गेला.

तपासून आलो. खळगा नाही, पट्टी सरळ बसते. ठोकून पाहिलं, सगळीकडे सारखा आवाज. झिरो फ्रेट आहे, चर नाहीत. सातव्या फ्रेटपाशी फट चांगली अर्धा मि.मी.च्या वर होती. १० नंबरच्या तारा चढवल्या, ट्रस रॉड दोन दिवसांत मिळून अर्धा फेरा आवळला, आता १२व्या फ्रेटवर ३.९. पट्टी ब्रिजच्या माथ्याच्या सातेक मि.मी. खाली येते.

नुसत्या तारांनीच आवाज ओळखू येईना इतका बदललाय. पण झर्र तशीच आहे. आणि ब्रिजखालचा कागद अजून आरपार जातो.

---

जुनी_खुंटी:

छान. मग आता ब्रिजकडे वळा, खरं काम तिथे आहे. स्वस्त गिटारींचे ब्रिज साच्यातून काढल्यासारखे येतात आणि टॉपचा बाक प्रत्येक गिटारचा वेगळा. पाय फक्त कडांवर टेकलेले असले तर तारांची थरथर टॉपमध्ये उतरणार कशी?

पॉलिश पेपर वर तोंड करून टॉपवर ठेवा, ब्रिज बसतो नेमक्या त्याच जागी, आणि कडांना मास्किंग टेप लावा. ब्रिज त्यावर तारांच्या दिशेने मागे-पुढे फिरवा. झोके लहान, फार तर बोटाच्या पेराएवढे. आडवा फिरवू नका, बाक बिघडतो. सुरुवात ८० नंबरने, मग १८०, शेवटी ३२०. ब्रिज वरून दाबू नका, खालून धरा, नाहीतर हात डुलला की पाय गोल होतात. मध्ये मध्ये पेन्सिलने तळ काळा करा. सगळीकडची पेन्सिल एकदम जायला लागली की झालं.

हे करताना उंची आपोआप उतरते, म्हणून दर थोड्या वेळाने मोजा. जाड तार ३ आणि बारीक तार अडीच मि.मी. इथे थांबा. फार खाली नेऊ नका. ही गिटार जाड पिकने, जोर काढून वाजवायची असते. तार फार खाली असली की फ्रेटवर आपटते आणि आवाज मरतो. पिकही ३ मि.मी.च्या पुढचा घ्या.

तारा एकेक करून ढिल्या करा, सगळ्या एकदम काढू नका. ब्रिजच्या जागेवर टेपने खुणा करा.

---

रंधामार:

झर्रसाठी: एकाला तिसरी तार छेडायला बसवा आणि स्वतः एकेक गोष्ट बोटाने दाबत जा. खुंट्यांचे स्क्रू, पिकगार्ड असलं तर तो, मिशा, शेवटी टेलपीस. दहापैकी आठ वेळा टेलपीस निघतं. पितळी पत्र्याचा हात टॉपच्या कडेला जेमतेम टेकत असतो, ना धड चिकटलेला ना धड सुटलेला. मध्ये चामड्याची किंवा फेल्टची पातळ पट्टी सरकवा.

---

बेसूर_वादक:

टेलपीसच होतं. जुन्या पट्ट्याचा चामड्याचा तुकडा घातला, झर्र गेली.

ब्रिज दोन संध्याकाळी घासला. आता कागद कुठूनच शिरत नाही, उंची ३.१. आवाज मोठा झालाय, खोटं नाही सांगत, बायको दार लावून घ्यायला लागली आहे.

पण एक घोळ केला. तुम्ही सांगूनही शेवटी घाईत सगळ्या तारा एकदम काढल्या. टेप निघाली आणि ब्रिज हातात आला. म्हटलं मिशा आहेत की, त्यांच्या बरोबर मध्ये ठेवला. आता मोकळ्या तारा सुरात आहेत आणि वर गेलं की सगळंच चढं वाजतंय. मिशा चुकीच्या जागी चिकटवल्या आहेत का? काढून परत लावू?

---

जुनी_खुंटी:

मिशांच्या नादी लागू नका. कारखान्यात त्या अंदाजाने चिकटवतात. आहेत तिथे राहू देत.

झिरो फ्रेटपासून १२व्या फ्रेटपर्यंत मोजा, ३३५ भरेल. १२व्यापासून पुढे परत ३३५ वर पहिली तार, आणि त्यात दोनेक मि.मी. वाढवा. जाड तारेच्या बाजूला आणखी थोडं जास्त, म्हणजे ब्रिज किंचित तिरका बसेल. मग १२व्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा आला तर ब्रिज टेलपीसकडे, उतरता आला तर भोकाकडे. प्रत्येक वेळी तारा थोड्या ढिल्या करून सरकवा, ताणलेल्या असताना ढकललात तर ब्रिज कलंडतो आणि टॉपवर चरा पडतो.

मिशी आणि ब्रिज यांच्यात एका बाजूला दोन मि.मी. फट दिसेल. दिसू दे.

---

बेसूर_वादक:

फट अडीच मि.मी. आली. सूर बरोबर आहे.