महाविद्यालयाच्या संशोधनाची यादी: काय धरायचं, काय वगळायचं?

वाडीकर

बडोद्यातलं अभियांत्रिकी महाविद्यालय, जीटीयूशी (गुजरात तंत्रज्ञान विद्यापीठ) संलग्न. 2015 पासूनच्या सगळ्या संशोधनाची एकच यादी करायची आहे. स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत, रसायन, वस्त्र, धातू, संगणक असे सात विभाग, शिवाय गणित-भौतिकीची मंडळी. प्रत्येक विभागाने आपापली एक्सेल फाइल पाठवली आहे आणि एकीचा नमुना दुसरीशी जुळत नाही.

मुख्य घोळ चार. विभागांची बेरीज स्कोपस या शोधनिबंधांच्या जागतिक सूचीतल्या आकड्यापेक्षा खूप जास्त येते. वस्त्र विभागाचं काम स्कोपसमध्ये जवळजवळ दिसतच नाही. पेटंटच्या रकान्यात दाखल, प्रसिद्ध, मंजूर आणि डिझाइन असं सगळं कोंबलेलं आहे. आणि स्थापत्यवाल्यांनी काँक्रीटच्या क्यूबांच्या व सळयांच्या चाचण्यांचे अहवालही 'संशोधन' म्हणून दिले आहेत. हीच यादी नॅक (मूल्यांकन) आणि एनआयआरएफला (संस्थांची राष्ट्रीय क्रमवारी) वापरायचा विचार आहे. सुरुवात कुठून करावी?

ग्रंथपाल_रावपुरा

आधी एनआयआरएफचं. शोधनिबंधांची यादी ते तुमच्याकडे मागतच नाहीत, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समधून स्वतः काढतात. तिथे तुमच्या हातात एवढंच, की महाविद्यालयाचं नाव नीट नोंदलेलं असावं. स्कोपसमध्ये संस्थेच्या नावाचे चार-पाच अवतार सापडतील: संक्षेप, 'इन्स्टिट्यूट'च्या जागी 'कॉलेज', एकदा बरोडा तर एकदा वडोदरा, कुठे ट्रस्टचं नाव पुढे. ते एकाच क्रमांकाखाली आणण्यासाठी स्कोपसच्या मदतकक्षाला लिहावं लागतं, निबंधाच्या पहिल्या पानाची पीडीएफ जोडून. पण छापील निबंधातच महाविद्यालयाचं नाव नसेल तर ते काही करणार नाहीत. असे निबंध बरेच निघतात, कारण महाराजा सयाजीराव विद्यापीठात पीएचडी करणारे प्राध्यापक नुसतं 'एमएसयू' लिहून मोकळे होतात. (त्या तीन अक्षरांवर मिशिगन, मॉस्को आणि तिरुनेलवेली असे तिघांचेही हक्क आहेत, त्यामुळे शोधताना पूर्ण नावच घाला.)

आता यादी. फाइली जोडण्याआधी प्रत्येक ओळीला 'प्रकार' लावा: नियतकालिकातला निबंध, परिषदेतला निबंध, पुस्तकातलं प्रकरण, पीएचडी प्रबंध, एमईचा प्रबंध, पेटंट, डिझाइन, अनुदानित प्रकल्प, सल्लासेवा. प्रकारांची आपसात बेरीज करू नका. 'एकूण संशोधन इतकं' असा आकडा कोणी मागितला तरी देऊ नका, त्याला काहीच अर्थ नसतो.

मग डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक. सगळे एका रूपात आणा: पुढची 'https://doi.org/' ही पट्टी काढून टाका, अक्षरं लहान करा. डीओआयला लहान-मोठ्या लिपीचा फरक नसतो, पण एक्सेलमधल्या साध्या स्क्रिप्टला किंवा ओपनरिफाइनला (विदा साफ करायचं सॉफ्टवेअर) असतो, आणि तिथेच दुबार नोंदी सुटतात. डीओआय नसलेल्या ओळींसाठी ओपनरिफाइनमध्ये शीर्षकाच्या रकान्यावर 'क्लस्टर' चालवा, पद्धत 'की कोलिजन', फलन 'फिंगरप्रिंट'. विरामचिन्हं आणि शब्दांचा क्रम बाजूला ठेवून सारखी शीर्षकं एकत्र दिसतात. आपोआप विलीन मात्र करू नका. परिषदेतला निबंध आणि त्याचाच वाढवलेला नियतकालिकातला अवतार यांचं शीर्षक पुष्कळदा एकच असतं, आणि त्या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

बेरीज जास्त येण्याचं खरं कारण बहुतेक सहलेखन. रसायन, धातू आणि गणित अशा तीन विभागांच्या तिघांनी मिळून लिहिलेला निबंध तिन्ही फाइलींत आहे. त्याची एकच ओळ ठेवा आणि 'विभाग' रकान्यात तिघांची नावं घाला. विभागवार आकडे काढले की त्यांची बेरीज महाविद्यालयाच्या आकड्यापेक्षा जास्त येणारच. तशी तळटीप द्या आणि पुढे चला.

दुसरं कारण वर्षाचं. निबंध डिसेंबरात ऑनलाइन येतो, अंक मार्चचा. एका विभागाने आधीचं वर्ष धरलं, दुसऱ्याने नंतरचं, आणि एकाच निबंधाच्या दोन ओळी झाल्या. अंकाचं वर्ष धरा, स्कोपसही तेच धरतं. अनुदानाचा पैसा मात्र आर्थिक वर्षाने, म्हणजे 1 एप्रिल ते 31 मार्च.

लेखकांची नावं हा आपल्याकडचा खास त्रास. नाव, वडिलांचं नाव, आडनाव यांचा क्रम दर वेळी वेगळा, 'भाई', 'कुमार', 'बेन' कधी जोडलेलं तर कधी गाळलेलं, आणि पटेलांची आद्याक्षरं तर हटकून जुळतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या प्राध्यापिकांचं आधीचं काम दुसऱ्याच लेखक-खात्यात पडलेलं असतं. सगळ्यांना ऑर्सिड, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, काढायला लावा. सोळा अंकी असतो, शेवटची खूण पडताळणीची, ती एक्सही असू शकते, तेव्हा रकान्याला 'फक्त अंक' अशी अट घालू नका. ऑर्सिडमध्ये 'इतर नावं' लिहायची सोय आहे, तिथे जुनं आडनाव टाका.

स्कोपसची वर्गणी नसेल तर ओपनअलेक्स ही तशीच सूची वापरा, फुकट आहे. पसारा मोठा, चुकाही जास्त. ताळा करायला चांगलं, पुरावा म्हणून नाही.

फॉर्म_नऊ

पेटंटचं मी सांगतो. अर्जाचा क्रमांक बारा अंकी असतो: पहिले चार वर्ष, पाचवा कार्यालय, सहावा अर्जाचा प्रकार, उरलेले सहा अनुक्रमांक. पाचवा अंक 1 दिल्ली, 2 मुंबई, 3 कोलकाता, 4 चेन्नई. गुजरात मुंबई कार्यालयाखाली येतं, तेव्हा तुमचे बहुतेक अर्ज 202321… असे दिसतील. महाविद्यालयाच्या नावावर चेन्नईचा क्रमांक दिसला तर अर्जदार कोण ते बघा. परक्या गावचे दहा-बारा जण मिळून केलेला अर्ज असतो आणि आपला प्राध्यापक सातवा शोधक असतो. अशा ठिकाणी अर्जदार महाविद्यालय नसतं, व्यक्ती असतात. संस्थेच्या यादीत 'संस्था अर्जदार' आणि 'फक्त शोधक' असे दोन रकाने हवेतच.

हे बारा अंक एक्सेलच्या साध्या रकान्यात टाकले की 2.02E+11 होतात. रकाना आधी 'टेक्स्ट' करा, मग चिकटवा. फाइल सीएसव्ही करून पुन्हा उघडली की हाच घोळ परत होतो, आणि एकदा तशी जतन झाली की मूळ क्रमांक गेला.

दाखल, प्रसिद्ध आणि मंजूर या तीन वेगळ्या तारखा आहेत. दाखल केल्यावर 18 महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. लवकर प्रसिद्धीचा फॉर्म 9 भरला तर महिन्याभरात. प्रसिद्ध होणं म्हणजे पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून येणं, त्यात गुणवत्तेची कसलीही तपासणी नाही. तपासणीची विनंती वेगळी करावी लागते. तिची मुदत पूर्वी 48 महिने होती, 2024 च्या दुरुस्तीनंतरच्या अर्जांना 31 महिने. ती केलीच नाही तर अर्ज मागे घेतल्यात जमा. 'प्रसिद्ध' म्हणून मिरवलेले कित्येक अर्ज असेच मेलेले असतात, म्हणून भारतीय पेटंट शोधाच्या संकेतस्थळावर प्रत्येकाची आजची स्थिती बघून तारखेसह लिहा.

डिझाइन नोंदणी म्हणजे पेटंट नव्हे. क्रमांक छोटा आणि शेवटी -001 असा असतो, त्यावरून लगेच ओळखू येतं. संरक्षण फक्त दिसण्याला, 10 वर्षं, पुढे 5 वाढवून. 'सौर ऊर्जेवरचं फवारणी यंत्र' अशा भारदस्त नावाची डिझाइनं तुमच्या यादीत निघतील. त्यात यंत्र कसं चालतं याला कसलंही संरक्षण नाही, केवळ आकाराला आहे.

सळई_आणि_क्यूब

चाचणी अहवाल संशोधन नव्हे. ठेकेदार 150 मिमीचे तीन क्यूब आणतो, 28 दिवस झाले की दाबून फोडायचे, तिघांची सरासरी काढायची, एखादा सरासरीपेक्षा 15 टक्क्यांहून जास्त हलला तर नमुना बाद. आयएस 516 आणि आयएस 456 या भारतीय मानकांप्रमाणे केलेलं नित्याचं काम आहे. सळयांचंही तेच: एफई 500 प्रतीच्या सळईला ताणल्यावर किमान 12 टक्के लांबण, 500डी ला 16, बसलं की सही. हे 'सल्लासेवा' प्रकारात, पावतीच्या रकमेसह टाका.

'आमच्याकडे दहा वर्षांची नोंदवही आहे, त्यातून निबंध निघेल' असं प्रत्येक स्थापत्य विभाग म्हणतो. बहुतेक वेळा निघत नाही. नोंदवहीत काँक्रीटची प्रत, ओतल्याची तारीख आणि भार एवढंच असतं. सिमेंट कुठलं, पाणी-सिमेंट प्रमाण किती, क्यूब साइटवर पाण्यात होते की उन्हात, काहीच लिहिलेलं नसतं. मग विखुरलेपणा दिसतो, कारण सापडत नाही. आजपासून पावतीवर हे तीन रकाने वाढवले तर पुढच्या बॅचच्या एमईच्या मुलांना खरी सामग्री मिळेल.

अपवाद धातू विभागाचा. नंदेसरी-कोयलीचा औद्योगिक पट्टा जवळ असल्याने नळी किंवा शाफ्ट का तुटला याचे अहवाल त्यांच्याकडे असतील. भंगलेल्या पृष्ठाची छायाचित्रं, सूक्ष्मरचना, कठीणपणाचा आलेख आणि त्यावरून काढलेलं कारण असेल तर ते संशोधनच. गुप्ततेचा करार असतो, म्हणून गिऱ्हाइकाचं नाव न लिहिता 'तांत्रिक अहवाल' म्हणून नोंदवा.

वाडीकर

आभार सगळ्यांचे. दोन प्रश्न उरले. वस्त्र विभागाचं काय करायचं? आणि 'यूजीसी मान्यताप्राप्त' असं स्वतःच छापणारी नियतकालिकं ढिगाने आहेत, ती ठेवू का?

ग्रंथपाल_रावपुरा

वस्त्रवाल्यांचं काम पुष्कळदा अतिरा, बीट्रा, सिट्रा, नीट्रा या वस्त्रसंशोधन संस्थांच्या संयुक्त तांत्रिक परिषदांच्या खंडांत आणि गिरणीवाल्यांच्या मासिकांत असतं. ते कपाटात आहे, संगणकावर नाही. खंडाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि निबंधाचं पहिलं पान 300 डीपीआयवर स्कॅन करून नोंदीला जोडा. स्कोपसमध्ये नाही म्हणून विभागाला शून्य देणं अन्यायच. संगणकवाल्यांचं नेमकं उलट: त्यांचं बरचसं काम परिषदांतच छापतं आणि तिथे ते मानाचंही असतं. दोघांना एकाच 'नियतकालिक' मापाने मोजलं की दोघंही दुबळे दिसतात.

एमईचे प्रबंध विसरू नका. शोधगंगा हा प्रबंधांचा राष्ट्रीय ऑनलाइन साठा पीएचडीसाठी आहे, एमईचे तुमच्याच ग्रंथालयात पडून आहेत. आणि तुमच्या मार्गदर्शकांकडे झालेल्या पीएचडी शोधगंगेवर जीटीयूच्या नावाखाली सापडतील. मार्गदर्शकाच्या नावाने शोधा, स्पेलिंग दोन-तीन प्रकारे घालून.

'मान्यताप्राप्त'चा इतिहास लक्षात ठेवून वर्ष जुळवा. यूजीसीच्या जुन्या यादीतून मे 2018 मध्ये 4,305 नियतकालिकं काढली. 2019 पासून केअर यादी आली, ती फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने बंद केली. तेव्हा निबंध ज्या वर्षी छापला त्या वर्षी नियतकालिक कुठल्या यादीत होतं तेच बघायचं. संशयास्पद ओळी पुसू नका, 'यादीबाहेर' असा शेरा मारून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी विभाग त्या पुन्हा पाठवील. माघार घेतलेले निबंध क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेकडच्या रिट्रॅक्शन वॉचच्या फुकट विदासाठ्याशी डीओआयने ताडून घ्या.

दांडियाबाजार_1890

एक नियम राहिला. काम झालं तेव्हा माणूस ज्या संस्थेत होता, नोंद तिची. बडोद्याच्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यावरचं डांबर उतरवलं, हा किस्सा बडोद्यात अजून अभिमानाने सांगतात. पण ते काम बडोदा सोडून विल्सन कॉलेजात गेल्यावरचं. आजच्या नमुन्यात ती विल्सनची सल्लासेवा झाली असती. नोकरी बदलून आलेले प्राध्यापक आधीच्या कॉलेजातले निबंध सोबत आणतात, ते वैयक्तिक बायोडेटात ठेवावेत, तुमच्या यादीत नाही. त्यासाठी प्रत्येकाची रुजू आणि कार्यमुक्त तारीख आस्थापना विभागाकडून घेऊन वेगळ्या पानावर ठेवा आणि निबंधाच्या स्वीकृतीच्या तारखेशी ताडा.

अनुदानित प्रकल्पांना मंजुरीपत्र आणि उपयोगिता प्रमाणपत्र (सरकारी नमुना जीएफआर 12-अ), दोन्ही जोडा. मंजूर रक्कम आणि खात्यात प्रत्यक्ष आलेली रक्कम यांचे रकाने वेगळे ठेवा. लेखा विभागाशी पुढे जे भांडण होतं ते याच दोन आकड्यांवरून.