नागीण, पाठीतलं इंजेक्शन आणि हार्ट (बी विंग ग्रुप)

कुलकर्णी काकू, 304: ह्यांना नागीण होऊन दोन आठवडे होत आले. छातीच्या डाव्या बाजूला, थेट पाठीपर्यंत. फोड सुकले, पण सदरा टेकला तरी कळवळतात. पेन क्लिनिकवाले एपिड्युरल, म्हणजे पाठीत मणक्यापाशी इंजेक्शन, देऊ म्हणतात. स्टेंट आहे ना, हार्टला काही होईल का?

सावंत, 101: वहिनी, आमच्या गावी नागीण उतरवणारे आहेत. विळखा पुरा व्हायच्या आत न्या.

नेहा, 602: काका, विळखा वगैरे काही नसतं हो 🙏 कांजिण्यांचाच विषाणू तो. काकू, मला डिलिव्हरीला एपिड्युरल दिलं होतं, काही नाही झालं.

डॉ. आपटे, 203: नेहा, तुला कमरेत दिलं. इथे सुई छातीच्या पातळीवर जाणार. ठोके वाढवणाऱ्या नसा छातीच्या वरच्या चार-पाच मणक्यांपाशीच निघतात. भुलीचं औषध तिथवर पसरलं की बीपी उतरतं, ठोके मंदावतात. तू निभावशील, सत्तरीतल्या स्टेंटवाल्याचं बीपी फार पडलं तर हृदयालाच रक्त कमी पडतं. म्हणून सलाइन लावून, मॉनिटरवर, बेताच्या डोसात द्यायचं. चालत आले, टोचून गेले असं हे काम नव्हे. आयुष्यभर भूल दिली म्हणून सांगतोय.

कुलकर्णी काकू, 304: रक्त पातळ करायची गोळी आजपासून बंद करू?

डॉ. आपटे, 203: अजिबात नको!! गोळी चालू असताना टोचलं तर मणक्यात रक्त साकळून पाय लुळे पडू शकतात, हे खरं. पण मनाने बंद केलीत तर स्टेंट तुंबेल. कधी बसवला?

कुलकर्णी काकू, 304: दिवाळीनंतर. पाकिटावर क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ करायची तीच) आणि मेटोप्रोलोल लिहिलंय.

डॉ. आपटे, 203: म्हणजे वर्षही नाही झालं. हार्टच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय सुई नको. मेटोप्रोलोलने ठोके आधीच मंद असतात, तेही सांगा. शुगर असेल तर तीही, इंजेक्शनात बहुधा स्टेरॉइड असतं, त्याने शुगर वाढते.
आणि फायदा किती? नेदरलँड्समध्ये सुमारे 600 रुग्णांवर अभ्यास झाला, 2006 साली छापून आला. एका इंजेक्शनाने पहिला महिना थोडा आराम पडला, पुढे रेंगाळणारी कळ काही टळली नाही. माझं मत विचाराल तर आधी दुखण्यावरच्या गोळ्यांचा डोस नीट बसवून घ्या.

सावंत, 101: डॉक्टर, ह्याची लस निघालीय म्हणे?

डॉ. आपटे, 203: आहे. पन्नाशीनंतर, दोन डोस. कुलकर्णींना आत्ता नाही, बरे झाल्यावर. तुम्ही घ्या, उतरवणाऱ्याकडे जाण्यापेक्षा 😄
काकू, अजून एक. घाम फुटला, दम लागला, जबडा किंवा हात भरून आला तर नागीणच दुखतेय म्हणून बसू नका. लगेच ईसीजी. रात्री दोन वाजले तरी माझी बेल वाजवा.