मदत हवी आहे: नवा एमएक्स ५१८ माउस बरीच वर्षं वापरलेलं कोणी आहे का?

नमस्कार मंडळी. २००५ चा एमएक्स ५१८ लॉजिटेकनं २०१९ मध्ये पुन्हा काढला. आकार तोच, आत हिरो सेन्सर (माउसची हालचाल टिपणारा भाग), १६,००० डीपीआयपर्यंत (हालचाल किती बारकाईनं टिपतो त्याचं माप). सेन्सरबद्दल शंका नाही, काळजी आहे ती क्लिकची. मी सोलापुरात दिवसभर चादरींची जेकार्ड (मागावर विणायच्या नक्षीची) डिझाइनं करतो, रात्री काउंटर-स्ट्राइक हा नेमबाजीचा गेम खेळतो. सध्याचा माउस (वेगळ्या कंपनीचा) एकदा दाबला की दोनदा क्लिक घेतो, रेघ ओढताना मध्येच सुटते, फार चिडचिड होते. ५१८ लाही पुढे हे सुरू झालं का? झालं असल्यास बटणाखालचा स्विच बदलून चाललं का? आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात, घामेजल्या हातानं, वरचा थर चिकट होतो का? वायर मुळाशी पिचते का? नवी पेठेत किंवा आसपास माउसचे स्विच नीट सोल्डर करणारं कोणी माहीत असेल तर तेही कळवा.