सोयाबीन मातीमोल, सिनेमाला ४० लाख?

दुधनाकाठ :
माळरानदादांनी परवा लिहिलं होतं : ‘आमचं सोयाबीन हमीभावाच्या खाली जायलंय आणि सरकार मराठी सिनेमाला अ दर्जा ४० लाख, ब दर्जा ३० लाख वाटायलंय. सिनेमा ही चैन आहे. ज्याला हौस त्यानं आपल्या खिशातून करावी. अनुदान बंद करा.’ खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दोन दिवस गप बसलो, आता बसवत नाही.

दादा, माझे वडील जालन्याच्या मोंढ्यात हमाल होते. मी अकरा वर्षं मुंबईत लाइटमन होतो. ‘चैन’ हा शब्द मला लागला. रात्रपाळीत जनरेटरपाशी झोपणारी आमची पोरं चैन करत नाहीत.

आणि खिशातून म्हणाल, तर सत्यजित राय यांनी तेही करून पाहिलं. विम्याची पॉलिसी गहाण, बायकोचे दागिने गहाण, तरी ‘पथेर पांचाली’ अर्ध्यात अडकला. शेवटी पश्चिम बंगाल सरकारनं पैसे दिले. सिनेमासाठी खातंच नव्हतं, म्हणून कागदावर ते रस्तासुधारणेच्या नावानं पडले. १९५५ ला सिनेमा आला आणि भारताचा सिनेमा म्हटलं की आजही जग त्याचं नाव घेतं. पुढं फिल्म फायनान्स कॉर्पोरेशननं मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’ला पैसा दिला, १९६९ साली. सरकारनं हात लावला नसता तर हे सिनेमे झालेच नसते. रस्ता, धरण, शाळा सरकारनं बांधायची आणि देशाचा चेहरा पडद्यावर उतरवायचं काम तेवढं सावकारावर सोडायचं, हे मला पटत नाही.

माळरान :
भाऊ, हमालाचा पोरगा आहेस म्हणून शांतपणे सांगतो. तू दिलेली दोन्ही उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत. कॉर्पोरेशन कर्ज द्यायचं. कर्ज! आणि बंगाल सरकारला त्या सिनेमातून पैसा परत मिळाला. आमच्याकडचं अनुदान कोण परत करतो?

दादासाहेब फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसीवर पैसे उचलले, लंडनला जाऊन शिकून आले आणि १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. कुठं होतं सरकार? ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३७ ला व्हेनिसला गाजला, तेव्हा तर इंग्रजांचं राज्य होतं. मराठी सिनेमाचा सोन्याचा काळ बिनअनुदानाचा आहे.

माझं गाऱ्हाणंही ऐक. २०२४ ला हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. खरेदी केंद्रावर ट्रॉली घेऊन गेलो. ओलावा १२ टक्क्यांच्या वर म्हणून परत लावली. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यानं तेच सोयाबीन ४,०५० ला घेतलं. माझ्या घामाला दर्जा ठरवणारं मशीन आहे. त्यात नापास झालो तर मला ३० लाखांचा ‘ब’ दर्जा मिळत नाही, भाऊ.

तेरणेची लेक :
माळरानदादा, तुमचं दुःख खरं आहे. पण सिनेमा बंद केल्यानं सोयाबीनला भाव येणार नाही.

मला वेगळंच बोलायचंय. सरकारी पैसा हवाच, कारण खासगी पैशाला आपली भाषा नको असते. मी धाराशिव जिल्ह्यातली, नाट्यशास्त्र शिकलेली. पुण्यात एका सिनेमाच्या निवडीला गेल्ते. वकिलाची भूमिका होती. दोन वाक्यं बोलले तर समोरचे म्हणाले, ‘भाषा छान आहे, तुम्ही कामवालीचं वाचा.’ मी वाचलं नाही. परतीच्या एसटीत टेंभुर्णीपर्यंत रडले. वकील मराठवाडी बोलत नाहीत का? माझा मामा चाळीस वर्षं कोर्टात हीच भाषा बोलला आणि खटले जिंकला.

केरळच्या सरकारी चित्रपट महामंडळानं दिग्दर्शक बायांसाठी दीड कोटीपर्यंतची योजना काढली. तसं इथं झालं तर आमच्या भाषेतला वकील आम्हीच लिहू.

कयाधू :
ताई, ‘आमची भाषा’ म्हणजे कोणती? हीच तर अडचण आहे. लातूर-बीडकडचं ‘जायलाव, करायलाव’ म्हणजे अख्खा मराठवाडा झाला का? आमच्या हिंगोलीला या, वऱ्हाडची हद्द लागते, बोलणं बदलतं. देगलूरला तेलुगू मिसळते, उदगीरला कन्नड. सिनेमावाले एकच साचा उचलतात आणि तुम्हीही तोच पुढं करता.

तेरणेची लेक :
मी कुठं साचा पुढं केला? मी माझ्या तोंडची भाषा बोलले. ती बोलताना हिंगोलीची परवानगी काढायची का?

परभणीचा मास्तर :
दोघांनी जरा थांबा. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कचेरी उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. मराठी राहिली ती घरात, रानात आणि कीर्तनात. त्यामुळं आपली बोली छापील झाली नाही, हे तिचं बळही आहे आणि अडचणही. पुण्या-मुंबईच्या कानाला ती अडाणी वाटते, कारण त्यांनी ती पुस्तकात पाहिलेली नाही. मकरंद अनासपुरे यांनी ती पडद्यावर नेली, लोकांनी डोक्यावर घेतली. पण तेव्हापासून मराठवाडी कानावर पडली की लोक आधी हसायला तयार होतात. त्यात त्यांचा दोष नाही, लिहिणाऱ्यांचा आहे.

कयाधू :
मास्तर, कीर्तनात आमच्याकडं वारकरी वळणाची भाषा असते, बोली नसते. आणि हसण्याचा दोष फक्त लिहिणाऱ्यांचा कसा? आपणच हसतो. माझ्या पोरीनं शाळेच्या स्नेहसंमेलनात आजीच्या भाषेत कविता म्हटली, तर हसणारी सगळी लेकरं आपल्याच गावची होती. बाईंनी तिला ‘शुद्ध’ बोलायला लावलं. त्या बाईही इथल्याच.

परभणीचा मास्तर :
तो तडाखा मला लागू आहे. मी बत्तीस वर्षं लेकरांची ‘गेल्तो’ची ‘गेलो होतो’ करत आलो. चूक झाली म्हणायला जड जातं, पण झाली.

माळरान :
तुम्ही बोलीवर आठवडाभर भांडाल. माझ्या प्रश्नाचं काय? पैसा कुणाचा आणि कुणाला?

तेरणेची लेक :
दादा, भाषा हाच तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. तुम्हाला तो दिसत नाही, कारण तुम्हाला कुणी कामवालीचं वाचायला सांगितलेलं नाही.

माळरान :
मला रोज सांगतात, ताई. बँकेत, तहसीलला. ‘बाजूला उभं राहा.’ एवढंच वाचतो मी.

परभणीचा मास्तर :
पैशाचं सांगतो. स. का. पाटील यांच्या समितीनं १९५१ लाच अहवाल दिला होता. सिनेमाला कर्ज देणारी संस्था हवी, शिकवणारी हवी, जपणारी हवी. कर्जाची संस्था १९६० ला झाली, पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूटही त्याच साली, संग्रहालय १९६४ ला. यात अनुदान वाटा असा सूर नव्हता. कर्ज, शिक्षण, जतन. तेव्हा माळरान निम्मे बरोबर आहेत.

पण उरलेला निम्मा असा. आपल्याकडचा पैसा सिनेमा तयार झाल्यावर, परीक्षणाचे गुण पडल्यावर येतो. म्हणजे आधीच कुठून तरी पैसा उभा करू शकला त्यालाच तो मिळतो. जालन्याचा लाइटमन हातात नुसती संहिता घेऊन उभा असतो, तेव्हा त्याच्यासाठी काहीच नाही. पॉलिसी गहाण टाकायला आधी पॉलिसी असावी लागते.

फ्रान्समध्ये तिकिटावरच एक कर असतो आणि तो सिनेमाच्याच निधीत जातो. शेतकऱ्याच्या पैशाला हात लागत नाही. आपल्याकडं उलटं झालं. मराठी सिनेमाला करमणूक कर माफ होता. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, शंभराच्या आतल्या तिकिटावर १८ टक्के, वरच्यावर २८. नंतर दर उतरले, पण ती माफी गेली ती गेलीच.

तंबूतला पोरगा :
सगळं वाचलं. सिनेमा कसा काढायचा, कोणत्या भाषेत काढायचा, सगळं झालं. दाखवायचा कुठं, हे कुणीच विचारलं नाही.

माझ्या वडलांचा फिरता तंबू होता. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत आमचा ठिय्या असायचा. मार्गशीर्षातली थंडी, लोक घोंगड्या घेऊन यायचे, जमिनीवर बसायचे. बाया एका अंगाला, बापे दुसऱ्या. मशीनमध्ये कार्बनच्या कांड्या जळायच्या. त्या संपत आल्या की उजेड पिवळा पडायचा आणि लोक वडलांच्या नावानं ओरडायचे. मग रिळाच्या प्रिंटा निघायच्या बंद झाल्या, डिजिटल मशीन घ्यायची आमची ऐपत नव्हती. मशीन भंगारात किलोनं गेलं. वडील त्या दिवशी जेवले नाहीत.

आमच्या तालुक्याच्या थेटरचं मंगल कार्यालय झालं. २०१५ ला मल्टिप्लेक्समध्ये मराठीला प्राइम टाइम द्या म्हणून केवढं वादळ उठलं. आमच्याकडं पडदाच नाही, तर टाइम कुठला? ४० लाख घेतलेला सिनेमा शहरात एक आठवडा लागतो आणि उतरतो. ज्याच्यावर काढला तो शेतकरी तो बघतच नाही. केरळच्या महामंडळाची स्वतःची थेटरं आहेत. तिरुवनंतपुरममध्ये कैरली, श्री आणि निळा. आपल्या सरकारनं तालुक्याला शंभर-दीडशे खुर्च्यांचं एक थेटर बांधावं. माणसं तिकीट काढतील. मी त्यांना थंडीत जमिनीवर बसून बघताना पाहिलंय.

दुधनाकाठ :
भाऊ, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अकरा वर्षं मी पडद्याच्या अलीकडंच उभा होतो. माळरानदादा, कर्जाचा तुमचा मुद्दाही मान्य. पण बिनव्याजी, आणि सिनेमा काढण्याआधी. त्याखाली मी येत नाही.

आणि ते ‘सोन्याचा काळ बिनअनुदानाचा’ म्हणालात ना, फाळके १९४४ ला नाशिकला वारले तेव्हा हलाखीत होते. त्यांच्या नावाचा पुरस्कार सरकारनं १९६९ ला सुरू केला. त्यांच्या हयातीत काही केलं असतं तर?

माळरान :
फाळक्यांचं माहीत होतं, पण मी सोयीनं विसरलो, हे कबूल. अनुदानाला माझा विरोध आहेच, तो सुटणार नाही. तिकिटातून निधी काढा, कर्ज द्या, थेटर बांधा, त्याला मी आडवा येणार नाही. लेकीनं लिहिलेला वकील बघायला मी स्वतः तिकीट काढीन.

तंबूवाल्या भावा, आमच्या गावची जत्रा चैत्रात असते. कुठून मशीन मिळत असेल तर जागा माझ्या रानात देतो. तेव्हा रान मोकळंच असतं.

तंबूतला पोरगा :
मशीन भाड्यानं मिळतं, नांदेडला एकाकडं आहे. चैत्रात वारं असतं, पडद्याला चार दोर जादा लागतील. तुमच्याकडं रात्री लाइट किती वाजेपर्यंत टिकते, तेवढं कळवा.