मदत हवी आहे: घरबसल्या लेखन-अनुवादाचे काम शोधताना खरे काम आणि फसवणूक यांतला फरक कसा ओळखावा?

नमस्कार. मी चौदा वर्षे शाळेत मराठी शिकवले. सासूबाईंच्या आजारपणामुळे गेल्या वर्षी नोकरी सोडावी लागली आणि तेव्हापासून घरून करता येईल असे लेखनाचे, अनुवादाचे किंवा मुद्रितशोधनाचे काम मी शोधते आहे. या शोधात एकदा माझी फसवणूक झाली आहे आणि आता समोर आलेले दुसरे कामही त्याच वाटेने चालले आहे की काय, हे मला ठरवता येत नाही.

पहिला प्रकार सविस्तर सांगते. व्हॉट्सॲपच्या एका गटात जुन्या पुस्तकांच्या टंकलेखनाची जाहिरात आली होती, पानामागे ३५ रुपये. नोंदणी शुल्क नव्हते, आणि नेमका त्यामुळेच माझा विश्वास बसला. त्यांनी करारावर सही घेतली, आधार आणि पॅनच्या प्रती घेतल्या आणि २०० पानांचे स्कॅन पाठवून सात दिवसांची मुदत दिली. कित्येक पानांवर अक्षरे इतकी पुसट होती की ‘घ’ कोणता आणि ‘ध’ कोणता हे संदर्भावरूनच ठरवावे लागे. करारात मात्र ९५ टक्के अचूकतेची अट होती. रोज रात्री दीड-दोनपर्यंत बसून मी काम वेळेत दिले. दोन दिवसांनी निरोप आला की अचूकता ६१ टक्केच भरली, त्यामुळे मोबदला मिळणार नाही, उलट करारभंगापोटी ५,८०० रुपये मीच भरायचे. कोणते शब्द चुकले, हे वारंवार विचारूनही त्यांनी दाखवले नाही.

मी नकार दिल्यावर एका वकिलाच्या नावाने नोटीस आली. तिच्यावर न्यायालयाचा शिक्का होता, पण खटल्याचा क्रमांक नव्हता. ‘२४ तासांत अटक’ असे लाल अक्षरांत लिहिले होते आणि तळाशी पैसे भरण्यासाठी क्यूआर कोड छापला होता. तो कोड पाहिल्यावर ही फसवणूकच आहे अशी माझी खात्री पटली आणि मी पैसे भरले नाहीत. त्या दोन दिवसांत घरात कोणाशी नीट बोलताही येत नव्हते, इतकी मी घाबरले होते. नंतर सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या मदतक्रमांकावर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार दाखल केली. आधारचे बायोमेट्रिक लॉक केले आहे आणि यापुढे कोणाला प्रत द्यावीच लागली, तर शेवटचे चारच अंक दिसणारी मास्क्ड आधारची प्रत देणार आहे. वर्षातून एकदा मोफत मिळणारा क्रेडिट अहवालही काढून पाहिला. माझ्या नावावर कोणतेही अनोळखी कर्ज नाही.

आता दुसरे काम. एका प्रकाशनसंस्थेच्या नावाने ईमेल आला आहे. इंग्रजी पुस्तकाचा अनुवाद, शब्दामागे सव्वा रुपया, आणि निवडीसाठी २,५०० शब्दांची विनामोबदला चाचणी. चाचणीचा मजकूर सातव्या प्रकरणाच्या मध्यातून सुरू होतो. माझ्या एका मैत्रिणीनेही अर्ज केला होता. तिला आठव्या प्रकरणाची सुरुवात आली आहे. अर्जदारांमध्ये पुस्तक वाटून सगळा अनुवाद फुकटात करून घेण्याचा हा बेत असावा, असा मला दाट संशय आहे. शिवाय पत्ता संस्थेच्या स्वतःच्या ईमेलचा नसून साध्या जीमेलचा आहे.

या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना माझे प्रश्न असे आहेत. नमुना म्हणून किती शब्द विनामोबदला द्यावेत? मी २५० ते ३०० शब्दांपुरती तयारी दाखवावी म्हणते, पण तसे कळवल्यास खरी संस्थाही नाराज होते का? पहिल्याच कामात काही रक्कम आगाऊ मागणे रूढ आहे का, की प्रकरणागणिक पैसे घ्यावेत? कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव आणि जीएसटीच्या पोर्टलवर तिचा क्रमांक तपासता येतो, हे मला माहीत आहे. परंतु खऱ्या संस्थेचे नाव दुसऱ्याच कोणी वापरत असेल, तर ते कसे ओळखावे? संस्थेच्या जाहीर क्रमांकावर थेट फोन करून विचारणे मला सर्वांत खात्रीचे वाटते. तसे कोणी केले असल्यास अनुभव सांगावा.

वकील मंडळींनाही एक विचारायचे आहे. करारभंग हा दिवाणी स्वरूपाचा वाद असल्याने केवळ त्यासाठी अटक होत नाही, असे मला एका परिचितांनी सांगितले. माझी सही त्या लोकांकडे आहे, तेव्हा पुन्हा नोटीस आली तर लेखी उत्तर द्यावे, की तक्रारीचा क्रमांक कळवून गप्प राहावे?

चाचणी सोमवारी संध्याकाळपर्यंत पाठवायची आहे. आपली उत्तरे येईपर्यंत मी एकही परिच्छेद पाठवणार नाही.